जुन्या सागवानी जिन्याच्या झिजलेल्या कडांना नवी पट्टी: काय तपासावे आणि कशी बसवावी

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. वाईजवळच्या आपल्या घरात माजघरातून माडीवर जाणारा जुना सागवानी जिना आहे. पायऱ्यांच्या पुढच्या कडा मधोमध झिजून खाली उतरल्या आहेत, दोन पायऱ्यांची कड फुटून कपचा निघाला आहे आणि आई-वडिलांना उतरताना पाय घसरण्याची भीती वाटते. एका सुताराने बाजारात मिळणारी अर्धगोल पट्टी कडेला खिळ्यांनी मारून देतो असे सांगितले, तर दुसऱ्याने सगळ्या पायऱ्यांवर प्लायवूड टाकून वर लॅमिनेट लावण्याचा सल्ला दिला. यांपैकी कोणता मार्ग धरावा, सर्वांत खालच्या दगडी पायरीलाही लाकडी कड लावावी का आणि कामाला किती दिवस लागतील, असे आपण विचारले आहे. माझे काम जुन्या घरांच्या लाकूडकामाच्या दुरुस्तीचे आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की सुचवलेल्या दोन्ही मार्गांनी जाऊ नये.

जिन्याची कड ही शोभेची गोष्ट नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. उतरताना पावलाचा चवडा पायरीच्या अगदी पुढच्या दीड-दोन इंचांवर टेकतो आणि क्षणभर अंगाचे सगळे वजन तेवढ्याच भागावर येते. म्हणूनच मागची फळी धड असताना कड मात्र झिजते. त्या जागी आपण जे काही लावू, त्याला रोज तेवढेच वजन, तेही पुढे झुकलेले, पेलावे लागणार आहे. बाजारातली अर्धगोल पट्टी टेबलांच्या आणि कपाटांच्या कडा झाकण्यासाठी असते. झिजून गोलसर झालेल्या लाकडावर ती मारली की तिला मागून पूर्ण टेकण मिळत नाही, प्रत्येक पावलागणिक ती थोडीथोडी खाली उपटली जाते, आणि लाकूड पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसत असल्यामुळे दोन-तीन वर्षांत खिळ्यांची डोकी वर येऊ लागतात. वर आलेले डोके आणि सैल झालेली पट्टी या झिजलेल्या कडेपेक्षा वाईट, कारण झिजलेल्या कडेची घरच्यांच्या पायांना निदान सवय झालेली असते.

प्लायवूडच्या सल्ल्यातला दोष पटकन ध्यानात येत नाही, म्हणून तो आकड्यांत मांडतो. समजा, आपल्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांची उंची २०० मिमी आहे. प्रत्येक पायरीवर १२ मिमी प्लाय आणि १ मिमी लॅमिनेट टाकले, तर मधल्या पायऱ्यांमधले अंतर होते तेवढेच राहते. पण पहिली पायरी जमिनीपासून २१३ मिमी होते आणि शेवटच्या पायरीपासून माडीच्या लाकडी जमिनीपर्यंतचे अंतर १८७ मिमी उरते. एकाच जिन्यात २६ मिमीचा, म्हणजे इंचभराचा फरक पडला. जिना चढताना आपण पायरी पाहून पाय टाकत नाही; पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर पायाने जे माप घेतलेले असते, त्याच मापाने पुढचे पाऊल पडते, आणि फसगत होते ती बहुधा जिन्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचापेक्षा, म्हणजे आपल्या सुतारी मापात तीन सुतांपेक्षा, जास्त फरक चालत नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिमी आणि नोजिंग (पायरीचा पुढे आलेला भाग) वगळून रुंदी किमान २५० मिमी सांगितली आहे. जुन्या घरांचे उभे, अरुंद जिने या मापात क्वचितच बसतात आणि सगळा जिना नव्याने केल्याशिवाय ते बसवताही येत नाहीत. पण आहे ती उंची सगळीकडे सारखी ठेवणे मात्र आपल्या हातात असते. शिवाय प्लायखाली काय चालले आहे ते पुढे कधी दिसणार नाही, ही वेगळीच काळजी.

तेव्हा करायचे ते असे: झिजलेल्या कडेवर काही चढवायचे नाही, तर ती कड धड लाकूड लागेपर्यंत कापून काढायची आणि तिच्या जागी त्याच मापाची, त्याच जातीची नवी पट्टी खाचेत बसवायची, म्हणजे पायरीची मूळ उंची आणि खोली जशीच्या तशी राहते. ही खाच कशी घ्यायची हे मात्र आपल्या जिन्याच्या रचनेवर अवलंबून आहे, आणि ते आपल्या छायाचित्रांवरून पूर्ण कळत नाही. म्हणून आधी थोडी तपासणी करावी लागेल.

जिन्याखालची अडगळ बाहेर काढा आणि विजेरी घेऊन पायऱ्या खालून पाहा. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभी फळी आहे की जिना मागून उघडा आहे, हे पहिले पाहायचे. दुसरे म्हणजे, पायरीच्या फळीची टोके बाजूच्या तिरप्या फळ्यांत खाच करून बसवलेली आहेत की खाली ठोकळे मारून त्यांवर टेकवलेली आहेत. मग पेचकसाच्या मुठीने प्रत्येक फळीवर ठोका मारत जा. धड साग खणखणीत वाजतो आणि आतून पोखरलेला बद्द वाजतो. जिथे शंका येईल तिथे टोक रुतवून पाहा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर भुंग्याचे काम आहे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण फळीच्या एका बाजूला फिकट रंगाचा सालीकडचा भाग राहून गेलेला असेल तर तेवढाच भाग पोखरलेला सापडतो, आणि तो नेमका पुढच्या कडेला आला असेल तर कड फुटण्याचे कारण झीज नसून कीड असू शकते. बाजूच्या तिरप्या फळ्यांची खालची टोके, जिथे ती दगडावर किंवा जमिनीवर टेकतात, ती सर्वांत बारकाईने पाहावीत. ती कुजलेली असतील तर कडांचा विचार बाजूला ठेवून आधी ती दुरुस्ती करावी. मोडकळीला आलेल्या जिन्याला नव्या कडा लावण्यात काही अर्थ नाही.

आता मोजणी. एक सरळ, धारेला तासलेली पट्टी पायरीवर आडवी ठेवा. भिंतीलगतच्या दोन्ही टोकांना पाय पडत नाही, त्यामुळे तिथे मूळ पातळी शाबूत असते. मध्ये पट्टीखाली किती फट पडते ते सुतांत लिहून घ्या: एकदा कडेवर, मग कडेपासून एक इंच आत, मग तीन इंच आत. ही मोजणी सुतार लोक बहुधा टाळतात, पण सगळे गणित तिच्यावरच उभे आहे. झीज काही कडेपाशी थांबत नाही. ती उथळ होत आत जाते. नवी पट्टी मूळ पातळीला बसवली आणि तिच्या मागे फळी तीन सूत खोल राहिली, तर तिथे एक बांध तयार होतो आणि चढणाऱ्याचे बोट त्याला अडते. तीन इंच आत झीज एक सुताच्या आत असेल, तर पट्टी तेवढी रुंद घ्यावी आणि बसवल्यावर तिची मागची बाजू मधोमध रंध्याने हलकी उतरवून जुन्या फळीत मिळवून द्यावी. त्याहून जास्त झीज असेल तर ती पायरी पट्टीच्या कामाची राहिलेली नाही. तिची फळीच बदलावी. खळगा लांबीने (पुट्टीने) किंवा भुसा-फेविकॉलच्या लगद्याने भरण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये, कारण पाय पडणाऱ्या जागी असा पातळ थर टिकत नाही.

उभ्या फळ्या असलेला जिना असेल तर काम सोपे आहे. नोजिंग, म्हणजे उभ्या फळीच्या पुढे आलेला पायरीचा भाग, साधारण २५ मिमी असतो. फळीची पूर्ण जाडी उभ्या फळीच्या रेषेत कापून तिथे नवी पट्टी जोडणे ही सर्वांना सुचणारी पद्धत आहे, पण मी ती टाळतो, कारण मग सगळा पुढे आलेला भाग केवळ चिकटवणीवर आणि स्क्रूंवर लोंबकळतो. त्याऐवजी वरून पायरीसारखी खाच घ्यावी: फळी ३८ मिमी जाड असेल तर २० मिमी खोल, आणि मागे इतकी रुंद की ती उभ्या फळीच्या माथ्यावरून आणखी अर्धा-पाऊण इंच आत जाईल. २५ मिमी नोजिंग, २० मिमी उभी फळी आणि वरचे १५ ते २० मिमी धरले तर पट्टी ६० ते ६५ मिमी रुंद होते. झीज आत गेली असेल तर ७५ मिमी. अशा पट्टीच्या रुंदीचा बराच भाग उभ्या फळीच्या डोक्यावर आणि धड लाकडावर बसतो, त्यामुळे कडेवर पडलेले वजन सांध्याला उपटत नाही, खाली दाबते. फुटलेल्या दोन पायऱ्यांत खालचे लाकूडही निघाले असेल, तर तेवढ्या लांबीत खालून वेगळा तुकडा जोडून सपाट करून घ्यावा आणि मग वरची पट्टी एकसंध, पूर्ण लांबीची बसवावी. पट्टी तुकड्यांत जोडू नये.

जिना मागून उघडा असेल तर विचार बदलावा लागतो. तिथे फळी स्वतःच तुळईसारखी दोन टोकांवर उभी असते आणि तिची टोके बाजूच्या फळ्यांच्या खाचेत गेलेली असतात. पुढची कड कापून नवी पट्टी लावली, तर ती दोन बाजूंच्या मध्ये मावेल तेवढीच लांब असणार. खाचेत शिरणार नाही. म्हणजे तिचे वजन पेलायला बाजूची खाच उपयोगी पडत नाही, ते जुन्या फळीकडेच जाते. अशा ठिकाणी फळीच्या कापलेल्या कडेला मध्यभागी खाच आणि पट्टीला तिच्यात बसणारी जीभ करून सांधा घ्यावा, आणि दोन्ही टोकांना पट्टीखाली बाजूच्या फळीला सागाचा छोटा ठोकळा चिकटवून स्क्रूने आवळावा. फळी मुळात एक इंचाहून पातळ असेल तर तिची पुढची कड कापूच नये. फळी बदललेली बरी. उघड्या जिन्यात आणखी एक जुनी सोय असते. पुष्कळदा फळ्या मागच्या बाजूने खाचेत सरकवलेल्या असतात. पाचरी आणि खिळे काढून फळी मागे ओढून घेता आली, तर ती फिरवून मागची, कधीच न झिजलेली कड पुढे आणता येते. फळी दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीची आणि खालून रंधलेली असेल तरच हे जमते, पण जमले तर नवे लाकूड लागतच नाही. मी असा जिना पाहिला की आधी ही शक्यता तपासतो, मग पट्टीकडे वळतो.

लाकडाबद्दल आग्रह धरावा. आपला जिना सागाचा असेल तर पट्टी जुन्या सागाचीच घ्यावी. पाडलेल्या वाड्यांचे साग विकणारे व्यापारी पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात मिळतात. वाशाचा किंवा चौकटीचा एक तुकडा घेऊन त्यातून सगळ्या पट्ट्या चिरून घेतल्या तर रंगही सारखा येतो. कापण्यापूर्वी त्यातले खिळे शोधून काढावेत, नाहीतर करवतीचे पाते जाते. नवा सीपी (मध्य भारतातला) साग चालेल, पण तो भट्टीत वाळवलेला आणि काही आठवडे आपल्याच घरात ठेवलेला हवा. वाईकडे पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि चैत्र-वैशाखात कोरडे होते. पट्टी दुकानातून आणून त्याच दिवशी बसवली तर पुढच्या उन्हाळ्यात सांध्यात नख शिरेल एवढी फट पडू शकते. पट्टीच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ असाव्यात. तिरप्या रेषा असलेल्या पट्टीची कड पुन्हा कपच्यांनी निघते. कोकणातल्या किंवा घाटाखालच्या घरांत पायऱ्या ऐनाच्या, किंजळीच्या किंवा फणसाच्याही सापडतात. तिथे त्याच जातीचे लाकूड शोधावे. सगळेच जिने सागाचे असतात असे धरून चालणारे सुतार मी पुष्कळ पाहिले आहेत.

एकाच जातीचे लाकूड आणि एकाच दिशेच्या रेषा यांचा आग्रह केवळ दिसण्यासाठी नाही. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. आडव्या दिशेने मात्र फुगते आणि आकसते. नवी पट्टी आणि जुनी फळी समांतर बसवल्या की दोन्ही एकाच दिशेने हलतात, म्हणून सांधा पूर्ण लांबीत चिकटवला तरी बिघडत नाही. जिन्याची एक बाजू उघडी असेल आणि तिथेही कड वळवून न्यायची असेल, तर त्या छोट्या पट्टीच्या रेषा फळीला आडव्या येतात. ती फक्त पुढच्या कोपऱ्याजवळ चिकटवावी आणि मागच्या टोकाला लांबट भोकात स्क्रू मारावा, नाहीतर फळी हलायला जागा न मिळाल्याने तडकते.

चिकटवणीसाठी पाण्याला टिकणारा फेविकॉल मरीन पुरेसा आहे. सांध्यात बारीक फटी राहणार असतील तर एपॉक्सी घ्यावे. सागाला अंगचे तेल असते, म्हणून दोन्ही पृष्ठभाग ताजे रंधून, थिनरच्या फडक्याने पुसून, लगेच चिकटवावेत. आदल्या दिवशी रंधून ठेवलेल्या सागावर चिकटवण नीट धरत नाही. खिळे नकोत. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आधी भोक पाडून, साधारण आठ-नऊ इंचांवर एक असे घ्यावेत; डोकी तीन-चार सूत खोल बसवून वर त्याच सागाचे बूच चिकटवावे आणि पटाशीने सपाट करावे. यंत्राच्या करवतीने खाच घेताना ती बाजूच्या फळीपर्यंत पोहोचत नाही. टोकांचे शेवटचे दोन-तीन इंच पटाशीनेच साफ करावे लागतात. सुताराला आधीच सांगून ठेवा, कारण घाईत तिथेच लाकूड फाटते.

कडेचा आकार पूर्ण अर्धगोल करू नये, हे मी प्रत्येक घरमालकाला सांगतो आणि पुष्कळांना ते आवडत नाही, कारण अर्धगोल कड सुबक दिसते. पण गोलाई जेवढी मोठी तेवढी पायाखालची सपाट जागा कमी, आणि उभ्या जिन्यात आधीच जागा कमी असते. वरच्या कोपऱ्याला दोन सुतांची, म्हणजे सुमारे ६ मिमीची गोलाई पुरे. खालचा कोपरा किंचित तिरपा उतरवावा, म्हणजे चढताना बोट अडकत नाही. नोजिंग आहे तेवढेच ठेवावे. ते पुढे वाढवल्याने पायरी रुंद झाल्यासारखी वाटते, पण वरून उतरणाऱ्याला खालची पायरी तेवढीच झाकली जाते आणि टाच कडेला घासते.

पट्टीवर, कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत, एक सूत खोल अशा दोन समांतर खाचा मारून घ्याव्यात. पॉलिश चकचकीत नको; मेणाचे तर मुळीच नको. आई-वडिलांचे वय पाहता पट्टीचा रंग जुन्या फळीशी तंतोतंत जुळवण्याचा हट्टही सोडावा, असे मी सुचवेन. कड थोडी फिकट राहिली तर मंद उजेडात प्रत्येक पायरी कुठे संपते ते दिसते. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात किंवा मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, एवढे पुरते. तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत; जवसाचे तेल सुकताना तापते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

सर्वांत खालच्या दगडी पायरीला लाकडी कड लावू नये. जुन्या घरांत पहिली पायरी दगडाची ठेवण्याचे कारण जमिनीची ओल आहे. लाकूड त्या ओलीपासून वर राहावे म्हणून ती तिथे आहे. तिच्यावर लाकूड बसवले तर वाळवीला आपणच वाट करून दिल्यासारखे होते. दगड पाय पडून गुळगुळीत झाला असेल तर पाथरवटाकडून कडेच्या दोन इंचांना हलकी टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खरखरीत करून, घ्यावी. एक मात्र पाहावे: माजघराला नवी फरशी घातली असेल तर ही पायरी आधीच बुटकी झालेली असते. बाकीच्या पायऱ्यांच्या उंचीशी तिची तुलना करून तो आकडा मला कळवावा.

राहिला वेळेचा प्रश्न. हे काम पावसाळ्यात करू नये आणि भर उन्हाळ्यातही नको. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत लाकूड साधारण मधल्या स्थितीत असते. अनुभवी सुतार आणि एक मदतनीस घाई न करता दिवसाला तीन-चार पायऱ्या करतात, त्यामुळे तेरा-चौदा पायऱ्यांच्या जिन्याला चार-पाच दिवस आणि तेल किंवा पीयूचे हात सुकायला आणखी दोन-तीन दिवस धरावेत. फेविकॉलला पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. एकाआड एक पायरी करून जिना वापरात ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण आपल्यासारख्या उभ्या जिन्यात पायरी ओलांडून उतरणे वृद्धांना जमणार नाही. तेवढे दिवस त्यांची झोपण्याची सोय खालीच करावी. मजुरी ठरवताना सुताराला आधी एकच पायरी, शक्यतो वरून दुसरी, पूर्ण करून दाखवायला सांगा. तिच्यावरून आठवडाभर चढ-उतार करा, खालून सांधा पाहा, आणि मगच बाकीच्या पायऱ्यांचा दर ठरवा.